वॉरहॅमर ४०,००० : पहिल्या पेटीपासून स्वतःच्या फौजेपर्यंत

वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून खेळायचा युद्धाचा खेळ. त्याची पेटी उघडली की आत सैनिक नसतात. करड्या प्लॅस्टिकच्या जाळ्या असतात. त्यांना स्प्रू म्हणतात. डोकी, हात, बंदुका, खांद्यावरची चिलखतं असे सुटे तुकडे त्यांना काड्यांनी जोडलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग खेळायचं. खेळापेक्षा कितीतरी जास्त वेळ या हातकामात जातो, त्यामुळे ज्याला ते काम आवडेल त्याच्याच घरी ही फौज वाढते.

इंग्लंडमधली गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ साली सुरू झाली. वॉरहॅमर १९८३ मध्ये आला आणि त्याचं दूरच्या भविष्यकाळातलं रूप, म्हणजे वॉरहॅमर ४०,०००, १९८७ मध्ये. नियमांची आठवी आवृत्ती २०१७ ला निघाली, नववी २०२० ला, दहावी २०२३ ला. दर वेळी कोणती तुकडी बलवान आणि कोणती लंगडी हे गणित उलटंपालटं होतं. सैनिक मात्र तेच राहतात. म्हणून ‘सध्या कोणती फौज जिंकते’ हे विचारून खरेदी करू नये. दहा वर्षांनी कपाटाकडे पाहताना जी आवडेल ती घ्यावी.

कोणती फौज, किती मोठी

प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते. पूर्ण आकाराचा सामना अशा २००० गुणांचा, ४४ बाय ६० इंचांच्या टेबलावर होतो. तेवढ्या गुणांत स्पेस मरीन, म्हणजे जड चिलखतातले महायोद्धे, साधारण चाळीस ते साठ बसतात. अ‍ॅस्ट्रा मिलिटारम (साधी माणसं) किंवा ऑर्क (हिरवे राक्षस) घेतले तर आकडा सहज शंभराच्या पुढे जातो. इम्पीरियल नाइट्सची, म्हणजे प्रचंड चालत्या युद्धयंत्रांची, फौज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते, पण त्यांचे चिलखताचे पत्रे तळहाताएवढे असतात आणि त्यांवर ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसतो, म्हणून नवख्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. सगळ्यांत लवकर रंगून होतात नेक्रॉन, म्हणजे धातूचे सांगाडे: धातूच्या रंगाचा स्प्रे, त्यावर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), डोळ्यांत हिरवा ठिपका, झालं. ऑर्क आवडत असतील तर जोडतोडीला मोकळं रान मिळतं, कारण त्यांची सगळी सामग्री भंगारातूनच जोडलेली असते आणि चुकलेला सांधाही मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

या लेखात उदाहरण म्हणून स्पेस मरीन घेतले आहेत. त्यांच्या पायदळाची एक इंटरसेसर पेटी, दहा सैनिक, पायाखाली ३२ मिमीच्या गोल चकत्या, म्हणजे बेस. शिरस्त्राण घातलं तर चेहरा रंगवावा लागत नाही, चिलखताचे भाग मोठे आणि कडा ठळक आहेत, त्यामुळे हात बसवायला याहून बरं काही नाही. दहा पूर्ण झाले की एक सेनापती, मग एक ड्रेडनॉट (चालतं चिलखती यंत्र), मग पुढची तुकडी. दहा सारखे सैनिक रंगवून हात कंटाळतो, तेव्हा मधेच एकच मोठी आकृती आली की उत्साह परत येतो.

सुरुवातीलाच २००० गुणांची खरेदी करणं ही सर्वांत महागडी चूक. न उघडलेल्या पेट्यांचा ढीग समोर असला की कामाला हात लावावासा वाटत नाही. एक नियम पाळावा: आधीच्या पेटीवर शेवटचं वॉर्निश चढल्याशिवाय पुढची पेटी घ्यायची नाही.

फौज कुठे खेळवायची आहे याचाही आधी विचार करावा. कंपनीच्या स्वतःच्या दुकानांत आणि स्पर्धांत तिच्याच आकृत्या लागतात, घरी थ्रीडी प्रिंट केलेल्या चालत नाहीत. मित्रांच्या टेबलावर अशी अट क्वचितच असते. आणि दहाव्या आवृत्तीच्या सामन्यांत जिंकण्यासाठीच्या १०० गुणांपैकी १० निव्वळ फौज नीट रंगवलेली आणि बेस पूर्ण केलेली असल्याबद्दल मिळतात.

हत्यारं

कमी घ्यावीत, पण चांगली. एका बाजूनं सपाट असलेला कटर. ११ नंबरचं टोकदार पातं बसणारी सुरी. ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच. हातानं फिरवायचं छोटं ड्रिल, त्यात १ मिमी आणि ३ मिमीची पाती. प्लॅस्टिक सिमेंट, ब्रश असलेल्या झाकणाचं, पातळ. फेविक्विक. एक चिमटा. कापायला खाली जाड रबरी मॅट, नसेल तर जुनी पाटीसुद्धा चालते, पण तिच्यावर पातं लवकर बोथट होतं. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त बोटं कापतं, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोरानं ते निसटतं. दहा सैनिकांमागे एक पातं बदलावं.

ब्रशच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. ‘बारीक काम’ म्हणून तीन शून्यांचा ब्रश घेतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, त्यामुळे तो कागदापासून सैनिकापर्यंत जाईतो टोकाला वाळतो. १ नंबरचा चांगला टोक धरणारा ब्रश घ्यावा, डोळ्यांची काचही त्यानंच रंगवता येते. मोठ्या भागासाठी २ नंबर, आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर रंग झाडायला, मेकअपचा स्वस्त गोल ब्रश. रंग कधीही ब्रशच्या पत्र्यापर्यंत भरू नये. तिथे वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं. केसांच्या अर्ध्यापर्यंतच बुडवायचं, दर दोन मिनिटांनी पाण्यात खळबळायचं, आणि ब्रश पाण्यात उभा ठेवून चहाला जायचं नाही.

रंग ओला ठेवणारी पाटी, म्हणजे ओली पॅलेट, घरी होते. झाकण घट्ट बसणारा उथळ प्लॅस्टिकचा डबा, त्यात भांडी पुसायचा सपाट स्पंज, वर बटर पेपर. स्पंज ओला, पण पाणी वर तरंगता कामा नये. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही. डबा बंद ठेवला तर रंग दोन-तीन दिवस ओला राहतो. त्यानंतर पाणी बदलावं, नाहीतर पावसाळ्यात स्पंजवर बुरशी धरते.

जोडणी

तुकडा एका झटक्यात अंगालगत कापू नये. प्लॅस्टिक ताणलं जाऊन तिथे पांढरा डाग पडतो किंवा खड्डा निघतो. आधी काडी दूरवर कापून तुकडा मोकळा करायचा, मग अंगाजवळ, सपाट बाजू सैनिकाकडे धरून, एखादा मिलिमीटर ठेवून. उरलेला खुंट सुरीनं पापुद्रे काढत सोलायचा आणि ६०० च्या पेपरनं घासायचा.

यानंतर साच्याच्या रेघा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्रत्येक तुकड्याच्या कडेनं एक बारीक उंचवटा असतो. करड्या प्लॅस्टिकवर तो जवळजवळ दिसत नाही. वॉश आणि ड्रायब्रश मात्र नेमके त्यालाच पकडतात, आणि रंगकाम झाल्यावर शिरस्त्राणाच्या मधोमध भांग पाडल्यासारखी रेघ उमटते. दिव्याखाली तुकडा तिरका धरून, बोटाच्या टोकानं चाचपून रेघ शोधावी आणि पात्याच्या पाठीनं, पातं काटकोनात धरून खरवडावी. धारेच्या बाजूनं खरवडलं तर पातं आत घुसतं.

गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघावं. प्लॅस्टिक सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. फेविक्विक नुसतं मध्ये बसतं आणि धक्क्यानं सुटतं, त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढुरकी झाकही येते. मग ते कुठे? धातूच्या आणि रेझिनच्या आकृत्यांना, कारण त्यांवर सिमेंट चालत नाही. पायांचे, धडाचे दोन अर्धे भाग एकत्र धरायचे आणि सांध्यावर सिमेंटचा ब्रश नुसता टेकवायचा, फटीत ते आपोआप ओढलं जातं. दहा सेकंदांनी हलका दाब दिला की विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक मळी सांध्यातून वर येते. ती पुसायची नाही. २४ तासांनी वाळल्यावर खरवडली की सांधा दिसतच नाही.

फट मोठी असेल तर लांबी (पुटी) भरावी लागते. स्प्रूचे उरलेले तुकडे बारीक करून एका काचेच्या बाटलीत थोड्या सिमेंटमध्ये रात्रभर ठेवले की मधासारखी दाट लांबी तयार होते. पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात, घाईनं घासली तर ती खेचली जाते. भिंतींच्या पाइपांना लावतात ते एम-सील बेससाठी आणि खडकांसाठी उत्तम, पण चेहरा किंवा कापडाच्या घड्या करायला भरड पडतं. तिथे ग्रीन स्टफ ही दोन भागांची लांबी वापरावी: पिवळा आणि निळा समान घेऊन एकसारखा हिरवा होईपर्यंत मळायचा. तासभर काम करता येतं. हत्यार पाण्यात बुडवत राहावं, नाहीतर चिकटून येतं.

सगळं एकदम चिकटवू नये. बंदूक छातीवर आडवी येते आणि तिच्यामागे ब्रश पोचत नाही. पाठीवरची पेटी वेगळी ठेवावी, बंदूक धरलेले हात शक्य असेल तर वेगळे. या सुट्या भागांवर जिथे पुढे गोंद लागणार आहे तिथे ब्लू-टॅकचा (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट मेणाचा) कण लावून ठेवावा म्हणजे रंग बसत नाही. रंगावर सिमेंट धरत नाही.

बंदुकीच्या नळीला १ मिमीचं भोक पाडायचं विसरू नये. आधी सुरीच्या टोकानं मध्यावर टिंब करावं, नाहीतर ड्रिल घसरतं. एका सैनिकाला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यानं खेळण्याचं शस्त्र होतं.

आपली ओळख देणं

फौज आपली व्हायला कोरीव काम यावं लागत नाही. सर्वांत सोपा बदल म्हणजे डोकं. मान गोल खाचेत बसते, त्यामुळे ती कोणत्याही दिशेला फिरवता येते. दहापैकी चौघांचं तोंड डावीकडे, तिघांचं उजवीकडे, एकाचं खाली केलं तरी तुकडी जिवंत वाटते. दुसऱ्या पेटीतली डोकी, खांद्याचे तुकडे, पट्ट्याला लटकवायच्या पिशव्या उरतात, त्या कधीही टाकू नयेत. औषधाच्या गोळ्यांच्या खणांच्या डब्यात डोकी एकीकडे, हात एकीकडे, शस्त्रं एकीकडे असं वर्गवार ठेवावं. दोन-तीन वर्षांत हाच डबा सर्वांत उपयोगाचा ठरतो.

पाय बदलायचा, गुडघा वाकवायचा असेल तर सांध्यावर करवतीनं कापून आत पितळी तारेची १ मिमी खुंटी घालावी. कागदाच्या पिनेची तारही चालते. भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूच्या भोकाला रंगाचा ठिपका लावून दुसरी बाजू त्यावर टेकवायची, ठसा उमटतो तिथे ड्रिल करायचं.

शस्त्रांच्या बाबतीत लोहचुंबक वापरावेत. नियम बदलले की आजची उत्तम तोफ उद्या निरुपयोगी ठरते, आणि चिकटवलेली तोफ काढता येत नाही. माणसाच्या हाताला ३ मिमी व्यासाचे १ मिमी जाडीचे, वाहनाच्या बुरुजाला ५ बाय २ मिमीचे निओडायमियम चुंबक पुरतात. इथे सगळ्यांची एकच चूक होते: ध्रुव उलटा बसतो आणि हात चिकटण्याऐवजी दूर उडतो. एक ‘मुख्य’ चुंबक काडीवर कायमचा बसवून ठेवावा. धडात नेहमी त्याच्याकडे ओढली जाणारी बाजू बाहेर, हातात नेहमी दूर ढकलली जाणारी बाजू बाहेर. मग कुठलाही हात कुठल्याही धडाला बसतो. घरात लहान मूल असेल तर हे चुंबक कुलपात ठेवावेत. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

अस्तराचा हात आणि हवामान

रंगाआधी साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवून वाळवावं. साच्याचं तेल आणि बोटांचं तेल निघतं. रेझिनच्या आकृतीला हे टाळताच येत नाही, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. रेझिन घासताना ओलं करूनच घासावं, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

स्प्रे प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, दोन मिनिटं हलवावा. २० ते २५ सेंमीवरून, फवारा सैनिकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. फार जवळून मारला की खाचा बुजतात. फार लांबून मारला की थेंब हवेतच वाळतात आणि अंगावर वाळूसारखी खरखर बसते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हेच होतं, म्हणून तिथे पहाटे सहाला मारावा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर त्रास उलटा: ओलीमुळे पृष्ठभाग धुरकट, पांढुरका होतो. आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल त्या दिवशी स्प्रेचा डबा बाहेर काढूच नये. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरावा, दोन पातळ हात, आणि पुढच्या कामाआधी २४ तास सोडावा. वरवर तासाभरात वाळलेला वाटतो, पण कच्चा असताना नखानं साल निघते. युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यात डबा थंड असतो आणि दाब कमी पडतो, तो कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवावा, गरम पाण्यात कधीच नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना पेटी किंवा रंगाच्या बाटल्या आणायला सांगता येतात. स्प्रेचा डबा आणि प्लॅस्टिक सिमेंट सांगू नये. दोन्ही ज्वलनशील, विमानात चालत नाहीत.

रंगसंगती, आणि भगव्याची अडचण

स्वतःची तुकडी म्हटलं की अनेकांना कंपनीच्या पेटीवरचा निळा नको असतो, भगवा हवा असतो. इच्छा चांगली आहे, पण भगवा हा सर्वांत हट्टी रंगांपैकी एक. नारिंगी आणि पिवळी रंगद्रव्यं पारदर्शक असतात, खालचं सगळं वर दिसतं. काळ्या प्रायमरवर पाच हात दिले तरी मळकट विटकरीच राहतो, आणि तो झाकायला रंग दाट लावला की खाचा बुजतात.

म्हणून अस्तर पांढरं किंवा हस्तिदंती. त्यावर कंपनीच्याच सिटाडेल रंगांतल्या जोकेरो ऑरेंजचे दोन पातळ हात. पातळ म्हणजे किती? बटर पेपरवर रंग आणि पाणी साधारण दोनास एक, दुधाइतकं सरसरीत. नखावर ओढून बघावं: रेघ सलग यावी पण नखाच्या कडेनं ओघळू नये. पहिला हात डागाळलेलाच दिसतो. दिसू द्यावा. तो अर्धवट ओला असताना पुन्हा ब्रश फिरवला की खालचा रंग उचलला जातो आणि तिथे खरवड उठते. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात.

सावलीसाठी रेइकलँड फ्लेशशेड हा तांबूस-तपकिरी वॉश. तो सगळीकडे ओतू नये, सपाट पत्र्यांवर डबकी साचून डाग पडतात. १ नंबरच्या ब्रशनं फक्त खाचांत आणि चिलखताच्या सांध्यांत भरावा, वर गेलेला लगेच ओलसर स्वच्छ ब्रशनं टिपावा. भगव्यावर काळा वॉश वापरला तर रंग मरतो, काजळी धरल्यासारखा दिसतो. अर्धा तास वाळल्यावर सपाट भाग ट्रोल स्लेयर ऑरेंजनं उजळावेत, खाचा सोडून. मग कडा: फायर ड्रॅगन ब्राइट घेऊन ब्रशचं टोक नव्हे, ब्रशची कूस कडेवर आडवी ओढायची. कडच रंग उचलते, रेघ आपोआप बारीक येते. शिरस्त्राणाचा माथा आणि गुडघ्याचं टोक इथे शेवटचा ठिपका त्याच रंगात थोडा हस्तिदंती उशाब्ती बोन मिसळून. पांढरा मिसळू नये, नारिंगी खडूसारखा पडतो.

बाकीचे रंग ठरवताना भगव्याला विश्रांती मिळेल असे घ्यावेत. बंदूक आणि सांध्यांमधलं कापड काळं-करडं, पिशव्या चामडी तपकिरी, छातीवरचं चिन्ह हस्तिदंती, आणि डोळ्यांची काच गडद हिरवट-निळी. भगव्याच्या विरुद्ध टोकाचा रंग असल्यानं एवढासा ठिपका टेबलाच्या पलीकडूनही दिसतो. तोच हिरवट-निळा तुकडीनायकाच्या तलवारीवर आणि वाहनाच्या दिव्यांवर पुन्हा आणायचा, इतरत्र कुठेही नाही. एकूण आठ बाटल्यांत हे सगळं बसतं.

हे सगळं आधी एकाच सैनिकावर करून बघावं. तो दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून आवडला तरच उरलेले नऊ घ्यावेत. आणि लगेच वहीत लिहावं: अस्तर कोणतं, कोणत्या बाटलीचे किती हात, पाण्याचं प्रमाण, कोणता वॉश कुठे. पानावर प्रत्येक रंगाचा एक पट्टाही ओढून ठेवावा. ही वही हरवली तर पाच वर्षांनी दुसरी तुकडी पहिलीशी जुळत नाही.

उरलेले पाच-पाचच्या गटात रंगवावेत. पाचही जणांचा एक रंग, मग पाचही जणांचा दुसरा. पाचवा होईतो पहिला वाळलेला असतो. दहा एकदम घेतले तर एका टप्प्याला अख्खी संध्याकाळ जाते आणि पूर्ण झालेलं काहीच दिसत नाही.

खांद्यावरचं चिन्ह

पेटीत पाण्यात भिजवून लावायची स्टिकरं असतात. ती खडबडीत मॅट रंगावर थेट लावली की खाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी चमक दिसते. आधी त्या जागी तुकतुकीत वॉर्निशचा हात, मग स्टिकर बसवणारा द्रव मायक्रो सेट, मग स्टिकर, कापसाच्या काडीनं मधून कडेकडे दाबून, आणि वरून ते मऊ करणारा द्रव मायक्रो सोल. खांदा गोल असतो आणि स्टिकर सपाट, त्यामुळे घड्या पडतात. कडेला दोन-तीन बारीक चिरा दिल्या की ते बसतं. मायक्रो सोल लावल्यावर स्टिकर सुरकुततं. घाबरून हात लावू नये, वाळताना ते पृष्ठभागाला घट्ट धरतं.

हातानं काढायचं असेल तर भूमितीतलं काहीतरी निवडावं: चंद्रकोर, त्रिकोण, दोन पट्टे. चंद्रकोरीला आधी पूर्ण हस्तिदंती वर्तुळ काढून मग भगव्यानं त्यातलं एक वर्तुळ खोडलं की दोन्ही टोकं नेमकी येतात. थेट कोर काढायला गेलं तर दहा खांद्यांवर दहा वेगळे आकार होतात.

बेस: कातळ की जांभा

वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या सफाईनं रंगवलेले सैनिक एकाच फौजेतले वाटतात ते पायाखालच्या जमिनीमुळे. तिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात.

आपल्याकडच्या दोन जमिनी फार सुंदर उतरतात. सह्याद्रीचा काळा कातळ आडव्या थरांचा असतो, त्यामुळे कॉर्क शीटचे तुकडे हातानं फाडून, कापून नव्हे, एकावर एक सपाट रचावेत. फाटलेली कड खडकासारखीच दिसते. काळा-करडा रंग, त्यावर आधी मध्यम आणि मग फिकट करड्याचा ड्रायब्रश. ब्रशमधला रंग कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि मग झाडल्यासारखा फिरवायचा. खाचांत हिरवा वॉश सोडला की शेवाळ झालं. कोकणातला आणि गोव्यातला जांभा सच्छिद्र असतो, त्यासाठी एम-सीलचा थर देऊन ओला असताना टूथब्रशनं आणि सुईनं टोचावा. गंजासारखा तांबडा-तपकिरी रंग, वर गेरूचा ड्रायब्रश, भोकांत गडद तपकिरी वॉश.

आता निवड. भगवी फौज जांभ्यावर उभी करू नये. पाय आणि जमीन एकच होऊन जातात आणि इतक्या मेहनतीचा रंग विझतो. भगव्याला काळा कातळ आणि ओलं हिरवं शेवाळ. जांभा निळ्या, हिरव्या किंवा पांढऱ्या फौजेला द्यावा. ऋतूही एकच ठरवावा, अर्धी फौज श्रावणात आणि अर्धी शिमग्यात उभी नको. श्रावण असेल तर हिरवा भुसा आणि पाण्याच्या डबक्याला तुकतुकीत वॉर्निश. शिमगा असेल तर उंच वाळकं गवत. नारळाच्या काथ्याचे १ सेंमीचे तुकडे करून, फेविकॉलच्या थेंबात उभे रोवले की विकतच्या गवतापेक्षा चांगले दिसतात.

वाळू चाळून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून घ्यावी. समुद्राची असेल तर तीन-चार पाण्यांनी धुवावी, नाहीतर मीठ वर्षभरानं पांढरं होऊन बाहेर येतं. वापरलेली चहापत्ती पालापाचोळ्यासारखी हुबेहूब दिसते, पण कढईत कोरडी भाजल्याशिवाय आणि वरून वॉर्निश केल्याशिवाय लावू नये, बुरशी येते. सगळं लावून झाल्यावर एकास एक पाणी घातलेलं फेविकॉल वरून सोडावं. बेसची कड सरळ काळी करावी.

वॉर्निश, साठवण, दुरुस्ती

मॅट वॉर्निश ब्रशनं दोन पातळ हात. स्प्रेचं असेल तर ओलीचा नियम आणखी कडक पाळावा, कारण इथे पांढुरकी झाक आली तर सगळं काम झाल्यावर येते. आलीच, तर तुकतुकीत वॉर्निशचा एक हात दिल्यावर बहुतेक वेळा ती जाते, मग चांगल्या हवेत पुन्हा मॅट.

फोमच्या पेटीत कोपरे घासून रंग उडतो. त्यापेक्षा प्रत्येक बेसखाली ५ बाय १ मिमीचा चुंबक लावावा आणि पत्र्याच्या हत्यारपेटीत सैनिक उभे करावेत. पेटी उलटी झाली तरी पडत नाहीत. आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. रेझिनचा भाला किंवा तलवार उन्हाळ्यात वाकली तर गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून सरळ करावी आणि लगेच गार पाण्यात बुडवावी.

रंगकाम अगदीच बिघडलं तरी सैनिक वाया जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून टूथब्रशनं घासला की बहुतेक रंग निघतो. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, आणि जवळ आग किंवा देवघराचा दिवा नसताना. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये, त्यात प्लॅस्टिकच विरघळतं.

काही वर्षांनी नवी तुकडी जोडताना वहीतल्या कृतीनं आधी एक सैनिक करून जुन्यांच्या शेजारी उभा करावा. दरम्यान एखादी बाटली बाजारातून गेलेली असते, नाव तेच राहून छटा थोडी सरकलेलीही असते. फरक दिसला तर नवे सैनिक जुन्या तुकडीत मिसळू नयेत. पाच जुन्यांत दोन नवे खड्यासारखे उठून दिसतात. नव्यांची वेगळी तुकडी करावी, गुडघ्यावर वेगळ्या रंगाचा पट्टा द्यावा, आणि पायाखाली तोच काळा कातळ ठेवावा.